खंडेनवमी आणि कॉम्प्युटरची खोली

मुंबईच्या कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेले आठ-दहा कॉम्प्युटर आमच्या संस्थेला फुकट मिळाले, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी विषय निघाला की माझं डोकं आजही तापतं. ते रेल्वेने नांदुऱ्यापर्यंत आले आणि तिथून ट्रकने, बारदानात गुंडाळून, आमच्या मेहकर तालुक्यात. मी तिथे संस्थेच्या कॉलेजात अकरावी-बारावीच्या मुलींना कॉम्प्युटर शिकवायला होते. शिकवायला म्हणजे पुस्तकातून. डोणगावकडून एसटीने येणाऱ्या माझ्या मुलींनी कीबोर्ड फक्त चित्रात पाहिला होता.

अकोल्याचा एक दुकानदार मशिनं बघून गेला. "भंगार आहे, नवीन घ्या," म्हणाला. त्याला नवीन विकायची होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. संस्थेच्या अध्यक्षांना कळलं नाही. दसऱ्यापर्यंत चालू झाले तर ठीक, नाहीतर भंगारात काढून त्या खोलीत सोयाबीनची पोती ठेवू, असं त्यांनी मला सुनावलं. सोयाबीन त्यांच्या स्वतःच्या वावरातलं, बरं का. संस्थेचं नाही.

मी हट्टाला पेटले. विंडोज त्या थकलेल्या मशिनांना पेलणार नव्हती. पण लिनक्स फुकट होतं, आणि त्याचा कर्नल आपल्या मापाने बेतून घेता येत होता. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, यंत्र आणि बाकी सगळे प्रोग्राम यांच्यामधला कारभारी. त्यातल्या त्यात धडधाकट मशिनवर तो बसवायचा आणि बाकीची मशिनं वायरने जोडून त्याच्याच जिवावर चालवायची, असा माझा बेत होता.

कर्नल बनवताना मशीन प्रश्न विचारून भंडावून सोडतं. अमुक कार्ड हवं का? तमुक डिस्क? उत्तरं तीनच: हो, नाही, किंवा लागेल तेव्हा डिस्कवरून आणू. मी काटकसरीच्या घरातली, जमेल तिथे "लागेल तेव्हा" म्हणत गेले. त्यात डिस्क वाचायचा भागही गेला. मशीन सुरू केलं तर कर्नल तो भाग आणायला डिस्ककडे निघाला, आणि डिस्क वाचायला तोच भाग हवा! किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यावं तसं झालं. पडद्यावर चार ओळी आल्या आणि सगळं गपगार.

बरंच डोकं खाजवल्यावर चूक सापडली. नशीब, जुना चांगला कर्नल मी एका फ्लॉपीवर ठेवला होता. तिच्यावरून मशीन चालू केलं, ते एक उत्तर बदलून "हो" केलं आणि कर्नल नव्याने बनायला लावून घरी गेले. वीज गेली नाही तर सकाळपर्यंत तयार होईल, अशी त्या मशिनची चाल होती.

सकाळी वीज होती. पण खोलीत उदबत्तीचा वास होता, प्लग उपसून ठेवला होता, मशिनं ओल्या फडक्याने पुसून त्यांना झेंडूचे हार घातले होते. अध्यक्ष जातीने हजर.

"हे बंद कोणी केलं?"

"म्या केलं. काऊन मॅडम, खंडेनवमीले कोणी हत्यार चालू ठेवते काय? आज त्याईले आराम."

खंडेनवमी मला कोणी शिकवायला नको. आमच्याही घरी त्या दिवशी विळा-कुऱ्हाड धुऊन मांडतात, कोणी कामाला लावत नाही. पण निदान विचारायचं तरी! बनत आलेला कर्नल पाण्यात गेला होता, आणि फ्लॉपी घालायच्या फटीत या गृहस्थांनी भक्तिभावाने अक्षता सोडल्या होत्या. डिस्कवर अजून तो बिघडलेलाच कर्नल. त्याला टाळून मशीन चालू करायची एकच वाट, आणि तीच तांदळाने बुजवलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज खोलायचं नाही, असं ते म्हणत असतानाच मी पेचकस घेऊन बसले आणि केसातल्या पिनेने एकेक दाणा बाहेर काढला. देव माझं काय ते बघून घेईल, म्हटलं.

फ्लॉपीवरून कर्नल पुन्हा बनायला लावला, आणि दसऱ्याच्या दुपारी तो सुरू झाला. मग एकामागून एक सगळे पडदे उजळले. मी तिथेच खुर्चीत बसून रडले, आनंदानेच.

सुट्टीनंतर उद्घाटन झालं. फीत कापली, नारळ फुटला, अध्यक्षांचं भाषण झालं. मुली इस्त्रीचे गणवेश घालून दाराशी उभ्या होत्या. पाहुणे चहाला वळले तसं अध्यक्षांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"साहेब, उद्यापासून मुलींचा तास आहे इथे."

"पोरी बिघडून टाकतीन, मॅडम. पाहुणे आले का उघडत जाऊ."

"माह्या बापानं खंडेनवमीले पूजलेली पेरणीची तिफण दुसऱ्या दिवशी वावरात नेली, साहेब. कुलपात नाही ठेवली."

"तिफण महागाची नसते," ते म्हणाले आणि चहाला गेले. फुकट आलेल्या, कालपर्यंत भंगारात निघालेल्या मशिनांबद्दल हे बोलले! मी प्राचार्यांकडे गेले, भांडले, राजीनाम्याची भाषा केली. प्राचार्य म्हणाले, "जाऊ द्या हो."

"मॅडम, आमाले कवा बसू देतीन?" मुली विचारायच्या. मग विचारेनाशा झाल्या. मी फळ्यावर खडूने कीबोर्ड काढायची आणि त्या बाकावर बोटं चालवायच्या.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले तेव्हा खोली उघडली. सगळी मशिनं सुरू केली, झकास चालली. परीक्षकांनी तिथे बसून चहा घेतला, कौतुक केलं. मुली बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर बसून प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहीत होत्या. प्रात्यक्षिकात माझ्या एकूण एक मुलीला पैकीच्या पैकी गुण मिळाले.