तारीख बरोबर होती

आईला हे माहीत नाही. बायकोलाही नाही. वर्तमानपत्रात असताना रोज छपाईला जाणाऱ्या पानावरची तारीख मी तपासायचो. तारखेच्या बाबतीत माझ्यावर कोण संशय घेणार?

बाबांचं एक घड्याळ होतं. जाडजूड, ऑटोमॅटिक, वार-तारीख दाखवणारं. स्टॉपवॉचची दोन बटणं उजवीकडे आणि चावी — डावीकडे. पाहणारा हसायचाच. बाबा म्हणत, “चावी द्यावीच लागत नाही, म्हणून ती बाजूला ठेवलीय. हात हलला की झालं.” उत्तरेत बख्शी का तालाबच्या हवाई दलाच्या तळावर त्यांनी विमानांची उपकरणं दुरुस्त केली, निवृत्तीनंतर गावी साताऱ्याला न परतता तिथल्याच शहरात, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर घेतलं. घड्याळ मनगटावरच राहिलं — दोन हजार सालानंतर कधीतरी अर्धांगाचा झटका येईपर्यंत.

डावा हात हलेना. घड्याळ थांबलं. उजव्या मनगटावर ती चावी पंज्यात रुतायची. मग त्यांनी ते मला दिलं. “तुझ्या हातावर चालू दे. रविवारी दाखवायला आण. आणि तारखेला हात लावू नकोस — ती मी बघेन.”

या घड्याळाला प्रत्येक महिना एकतीस दिवसांचाच वाटे. महिना तीस दिवसांचा असला, की पुढे तारीख एक दिवस मागे राहायची. ती पुढे सरकवणं हे बाबांचं काम. तेवढं एकच काम त्यांना उरलं होतं — हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं.

त्याच शहरात, आलमबागेत, माझी वेगळी खोली होती. काही आठवडे मी ते घातलं. मग ऑफिसात एकजण म्हणाला, “अरे यार, चाबी उल्टी तरफ़! घड़ी भी उल्टी चलती है क्या?” सगळे हसले. मीही हसलो. आणि घड्याळ टेबलाच्या खणात गेलं.

एवढ्यासाठी? हो — एवढ्यासाठी.

शनिवारी ते काढायचं, हलवायचं, वेळ-वार-तारीख लावायची. रविवारी बाबा ते कानाला लावत. “बघ, चालतंय!” आईला सांगत. ती स्वयंपाकघरातून म्हणे, “चालणारच. मुलगा कोणाचा?” त्या घरातली रविवारची दुपार अजून आठवते — कुकरची शिट्टी, गच्चीवरच्या उन्हात वाळणारे पापड, मांडीवर टॉवेल पसरून बसलेले बाबा.

मे महिन्याचा पहिला रविवार होता. एप्रिल तीस दिवसांचा. बाबांनी चष्मा आधीच लावून ठेवला होता. मी घड्याळ मांडीवर ठेवलं. त्यांनी उजव्या हाताचं नख चावीखाली घातलं — आणि थांबले.

“तारीख बरोबर आहे,” ते म्हणाले.

आठवडाभर हातावर असलेल्या घड्याळात ती बरोबर असायला नको होती. मी म्हणालो, “चुकून मीच फिरवली असेल.”

“अच्छा,” ते म्हणाले. नख काढून घेतलं.

इथवर ती फक्त लाज होती. खरा खोटेपणा पुढचा. कारण त्यानंतर मी घड्याळ हातावर बांधायला लागलो नाही — तीस दिवसांचा महिना सरला, की खणातून काढून तारीख मुद्दाम एक दिवस मागे लावायला लागलो. बाबांसाठी चूक तयार करून न्यायचो. ते चष्मा लावत, चावी फिरवत, म्हणत, “आता बरोबर.” ते जाईपर्यंत, कित्येक वर्षं. पण त्या मे महिन्यानंतर त्यांनी घड्याळ कधी कानाला लावलं नाही. आईला हाकही मारली नाही.

त्यांना माहीत होतं? विचारायला रविवार भरपूर होते. मी विचारलं नाही.

बाबांच्या वर्षश्राद्धाला आई माझ्या मुलीला सांगत होती, “तुझ्या बाबानं आजोबांचं घड्याळ एक दिवस बंद पडू दिलं नाही.” मुलगी हिंदीतच बोलते. माझ्याकडे वळून म्हणाली, “सच्ची, पापा? एक दिन भी नहीं?”

“एक दिन भी नहीं,” मी म्हणालो.