अरुंद चाकांचे इंजिन

माझे वडील कळमनुरीकडच्या जंगलातून सागाचे ओंडके बैलांनी ओढून आणत. जंगलातच आरा चालवायला चाकांवरचे इंजिन घ्यायचे ठरले आणि ठेकेदाराने त्यांना काढून टाकले. "बैलं आता बाळापूरच्या बाजारात विकून टाक," तो सगळ्यांसमोर म्हणाला.

इंजिन घ्यायला तो आला त्या दुकानात मी कामाला होतो. मी कोणाचा मुलगा, हे त्याला ठाऊक नव्हते. चाके रुंद घ्यावीत की अरुंद, असे त्याने विचारले. अरुंद चाके काळ्या मातीत रुततात.

"अरुंदच बराबर," मी म्हणालो.

पावसाळ्यात इंजिन आसापर्यंत रुतले. ते ओढून काढायला बैल मागत ठेकेदार आमच्या दारात आला.

"चला की," वडील म्हणाले. "पर नव्या कामाला जुंपायच्या आधी काम देणाऱ्या मालकानं बैलांचे पाय धुवायचे. आमची रीतच हाय."

रानात त्याने बूट काढले, चिखलात गुडघे टेकले आणि आठही खूर धुतले.

"मागचे नीट न्हाई निघाले, मालक."

त्याने ते पुन्हा धुतले. मी बांधावरून सगळे पाहिले. इंजिन निघाले की नाही, हे पाहायला थांबलो नाही.