मुख्य प्रतिस्पर्धी

मंडईमागच्या बांगड्यांच्या गल्लीत परवा दुपारी मंगलमावशी एका नव्या नवरीला हिरवा चुडा भरत होत्या. हलक्या हाताने, तिची बोटं चेपत चेपत. दुकान मात्र फातिमाभाभींचं होतं. मावशींचं स्वतःचं शेजारीच आहे, चुडा तिथेही मिळतो; पण फातिमाभाभी जेवायला गेल्या होत्या आणि गिऱ्हाईक त्यांच्या पायरीवर आलं होतं.

मी व्यवसाय अर्थशास्त्रात पीएचडी करते. शेजारशेजारची दुकानं एकमेकांचं गिऱ्हाईक कसं ओढतात, हा माझा विषय. नवरी गेल्यावर मी प्रश्नावली काढली.

"मावशी, तुमचा मुख्य प्रतिस्पर्धी कोण?"

"ही काय, फातिमा!" मावशी म्हणाल्या. फातिमाच्याच गादीवर बसून.

मला हसू आवरेना. तीन वर्षं घासून लिहिलेलं माझं प्रकरण त्या गादीवर आडवं झालं होतं, आणि मला मात्र गाणं म्हणावंसं वाटत होतं. आपलं म्हणणं इतक्या सुंदर रीतीने चुकू शकतं, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. गाईडना काय सांगायचं, ते उद्या बघू.

तेवढ्यात फातिमाभाभी आल्या. "चल गं मंगल, चहा घेऊ."

"मॅडम, जरा दोन्हीकडे लक्ष ठेवा," म्हणत मावशी उठल्यासुद्धा.

मी वही मिटून गादीवर मांडी घातली. समोर एक बाई थांबल्या.

"दुकान कुणाचं हो?"

"आमचं," मी म्हणाले. "दोन्ही."