शीला गेली की एसी बंद

"मी हाव तवर चालते, मी गेली का बंद. मशीन मले लाजते का काय, काकाजी?" शीलानं एसीकडं बोट दाखवत विचारलं.

"तुले नाही लाजत, मले लाजवून राह्यली," पूनमचंद म्हणाले. "दुपारी आमच्या खुशबूले पाहाले अकोल्याचे पाहुणे येऊन राह्यले. जमत नसंल तं सांग, दुसरा मेकॅनिक पाहतो."

अकोल्याकडच्या या मालेगावात एसी दुरुस्त करणारी बाई एकच, शीला. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. दिवाळी सरली की नवऱ्यासंगं ऊसतोडीच्या ट्रकवर चढायची. पुण्याला नणंदेकडे राहून हे काम शिकली. पूनमचंदांच्या घरातून हात हलवत निघाली तर गावात दुसरं कोणी दार उघडणार नाही, अन् दिवाळीनंतर पुन्हा कोयता. हे तिला पक्कं माहीत.

पहिल्या खेपेला तिनं जाळी धुतली. दुसऱ्या खेपेला कपॅसिटर बदलला, कारण कॉम्प्रेसर बंद पडला की बहुधा चोर तोच असतो. दोन्ही वेळा खोली गारेगार. अन् स्कुटी घरी लावते न लावते तोच फोन.

आज गॅसचं प्रेशरही बरोबर निघालं. मग मात्र शीलानं पाने पिशवीत भरले, "चालली मी" असं मोठ्यानं म्हणाली, अन् गच्चीच्या दाराआड जाऊन उभी राहिली.

थोड्याच वेळात पूनमचंदांच्या आई, पानाबाई, गच्चीवर आल्या. हातात धुतलेलं पांढरं फडकं, पाणी गाळायच्या गरण्यासारखं घट्ट विणीचं. एसीच्या बाहेरच्या डब्याला त्यांनी ते चहूकडून गुंडाळलं अन् नाडीनं आवळलं.

"आजी, हे काय करून राह्यल्या?"

पानाबाई दचकल्या, पण नाडी सोडली नाही. "पंख्यात किडं-पाखरू जाते ना बाई. जीवहत्या होते. तू येतं म्हणून काढून ठेवतो, तुह्या हातानं मळंल."

शीलाला हसू आवरेना. "अवो, घरातली गरमी हा डबा बाहेर फेकते. तुमी त्याचं नाकतोंडच बांधलं. तापतापून बंद पडते बिचारा. सोडा ते."

"अन् जीव मरू देऊ?"

तेवढ्यात पूनमचंद फोन हातात घेऊन गच्चीवर आले, पाहुणे अर्ध्या तासावर, मेडशीला पोचले होते. त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला, पण आईनं बांधलेल्या फडक्याला हात लावायची छाती होईना.

"मच्छरदाणी हाय का घरात?" शीलानं विचारलं.

खुशबू धावतच घेऊन आली. शीलानं डब्याच्या आजूबाजूला बांबू उभे केले अन् हातभर अंतर राखून मच्छरदाणी ताणली. हवा खेळायला मोकळी जागा, किड्याला आत वाट नाही. पानाबाईंनी खालची झालर स्वतः विटांखाली दाबली, बोटं घालून घालून फट शोधली.

"इथून मुंगी गेली तं पाप तुह्यावर."

"लिहून घ्या माह्या नावावर. आता फडकं ठेवा तिकडं."

एसी लावला. सगळे खोलीत उभे, कान बाहेर. नेहमीची बंद पडायची वेळ आली, गेली, कॉम्प्रेसर घरघरतच राहिला. खाली गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा पूनमचंदांचा सदरा वाळला होता.

"थांब, नाश्ता करून जाय," पानाबाई म्हणाल्या. "अन् पाहुण्याईले सांगतो, ह्या पोरीनं केलं म्हणून."

"तुमी सांगा, आजी. मले दवाखान्यात जाणं हाय, तिथं एसीचं पाणी पेशंटवर गळून राह्यलं." पिशवी खांद्याला लावून शीला पाहुण्यांच्या मधूनच जिना उतरली.