मागच्या चाकाच्या शैलाताई

शैलाताई सावंत समोरच्या माणसाला नाव विचारायच्या आधी वजन विचारत. मुलुंडला त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "वजन किती?" मी पोट आत घेऊन लग्नाच्या वेळचं वजन सांगितलं. "तुझं नाय रे, हिचं," त्या म्हणाल्या. "आणि तुझंही खोटंच आहे."

'ही' म्हणजे माझी मुलगी रेवा. वय कॉलेजचं, नाद डोंगरावरून दगडधोंड्यांतून सायकल खाली सोडण्याचा. अशा सायकलीच्या मागच्या चाकाला धक्के झेलणारा एक जाडजूड शॉक असतो. त्यात हवा किती भरायची आणि दबल्यावर तो किती झटकन उसळू द्यायचा, हे ज्याच्या-त्याच्या अंगाप्रमाणे बसवावं लागतं. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या शैलाताईंनी एकेकाळी स्वतः या उतारांवर हाडं मोडून घेतली होती. आता हे काम त्या हौसेनं करत.

त्यांच्याकडे सायकलीवर बसायचं ते पूर्ण सरंजामासकट. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, पाठीवर भरलेली पाण्याची पिशवी. रेवा तिच्या आईनं दिलेले लाडू काढून ठेवायला लागली, तर म्हणाल्या, "राहू दे. डोंगरावरनं लाडूपण उतरणार ना तुझ्याबरोबर?" मग रेवानं पेडलवर अलगद उभं राहायचं, अलगद उतरायचं, आणि शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग कुठवर सरकली, म्हणजे शॉक किती दबला, ते शैलाताईंनी ओणवं होऊन बघायचं. मग फुटपाथवरून सायकल खाली आपटायची. "मागचं चाक एकदा उसळलं पाहिजे, आणि मग गप्प." एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा कायदा. मी मदत म्हणून शॉकवरच्या, उसळी कमीजास्त करायच्या लाल बटणाला हात लावला तर म्हणाल्या, "मेल्या, दोन गोष्टी फिरवल्या तर सुधारलं कशानं ते कोणाला विचारू?"

पुढे सरावात रेवा पडली आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टरांनी परवानगी दिली, कर्जतच्या बाजूची शर्यत तोंडावर आली, आणि रेवा म्हणायला लागली, "बाबा, सायकल मला मागून फेकते. नाव काढून घेते मी." माझ्या बायकोनं देवापुढे साखर ठेवली. पण पोरगी जेवेना, बोलेना. नुसतं शर्यतीचं नव्हे, सायकलचंच नाव ती टाकणार, असं मला दिसायला लागलं. तिला घेऊन मी शैलाताईंकडे गेलो.

त्यांनी हवा तपासली. होती तेवढीच. रिंग नेहमीच्या जागी. फुटपाथवरून आपटली, चाक एकदा उसळून गप्प. कोडं सुटेना तसा त्यांचा चेहरा उजळत गेला. "चल गो, कॉलनीच्या उतारावर." तिथे त्या रस्त्याच्या कडेला चक्क पालथ्या पडल्या. मला फोनवर चित्रण करायला सांगितलं. मी माझा अंगठा फार सुरेख टिपला. त्यांना त्याची गरज पडली नाही.

"सायकल तशीच आहे," कपडे झटकत त्या म्हणाल्या. "हीच मागे सरकलीय. उतार आला की भीतीनं मागे जाते. मग मागचं चाक जास्त दबतं, जास्त उसळतं, हिला फेकतं. की ही आणखी मागे."

मी बापाच्या आवाजात सुरुवात केली, "बाळा, घाबरायचं काय त्यात..."

"गप रे! असं सांगून आजवर कोणाची भीती गेलीय?" मग रेवाकडे वळून, "तू बसतेस तशीच बस. घाबर हवी तेवढी. मी ही सायकल तुझ्या भीतीसकट बसवते."

आधी शॉकमध्ये थोडी हवा वाढवली. रेवा उतार उतरून आली. मग उसळी किंचित मंद केली. रेवा पुन्हा उतरून आली. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी ती खाली न थांबता आपणहून वळली आणि परत वर निघाली. शैलाताईंनी शॉकच्या हवेच्या तोंडाला टोपण लावलं.

रेवा शर्यतीत उतरली. नंबर विचारू नका, शोधायला यादीच्या तळाशी जावं लागतं. पण पडली नाही, आणि घरी आल्यावर चार चपात्या खाल्ल्या.

त्यानंतर शैलाताई कुडाळला कायमच्या राहायला गेल्या. निघताना त्यांना भेटायला गेलो, तर त्या टेम्पोच्या मागच्या चाकाखाली वाकून बघत होत्या.

काही महिन्यांनी एका रविवारी रेवानं त्यांना फोन लावला. "ताई, सायकल हल्ली कडक लागतेय. मागचं चाक नीट दबतच नाही. बिघडलीय का?"

पलीकडे त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली.

"अगो, मग आता काढ ना ती भीतीची हवा!"

रेवा फोनकडे बघत राहिली, मग तीही हसत सुटली. खाली बसून तिनं शॉकचं टोपण उघडून आतली पिन दाबली. बारीकसा फुस्स आवाज झाला.

"काय झालं गं?" बायकोनं घाबरून विचारलं.

"काही नाही आई," रेवा म्हणाली. "आता लागत नाही एवढी."