आईला सांगितलेला सिनेमा

पोह्यांचा कार्यक्रम नको, असं माझ्या मुलीनंच सांगितलं होतं. दोन स्थळांपुढं ट्रे घेऊन जाऊन झालं होतं, तिसऱ्यांदा ती बसायला तयार नव्हती. हा मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, आईवडील वरकुट्याला शेती बघणारे. दोघं महिनाभर फोनवर बोलत होते. मग ठरलं की दोन्ही घरांनी बारामतीत एकत्र सिनेमा बघायचा आणि नंतर जेवायचं. मला ही पद्धत पटली नव्हती, पण मी हो म्हणाले. मुलगा बरा वाटत होता आणि मला हा विषय एकदाचा मार्गी लावायचा होता.

मुलीची अट एकच होती. बी.फार्म. करून तिनं बारामतीत स्वतःचं मेडिकल टाकलंय. लायसन तिच्या नावावर, काउंटरला तीच बसते. लग्नानंतर दुकान बंद करणार नाही, हे तिनं मुलाला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. "आईशी बोललोय, तिची काही हरकत नाही," असं तो म्हणाला होता.

मराठी सिनेमाची फक्त पुढच्या रांगेतली तिकिटं उरली होती. मान वर करून बघत बसण्यापेक्षा शेजारच्या पडद्यावरचा बरा, म्हणून मुलानं इंग्रजी सिनेमाची तिकिटं काढली. विलायतेतला, प्रेमाचा आणि विनोदी. दोन्ही घरचे पुरुष "आमी खाली चहा घेतो" म्हणून सटकले. आत आम्ही चौघंच गेलो. कडेला मुलाची आई, मग मुलगा, मग माझी मुलगी, मग मी.

मला एका जागी बसवत नाही. लोणी भापकरला माझी उसाची रोपवाटिका आहे. त्या दिवशी अकराला मोटरीची थ्री फेज लाईट यायची होती आणि रोपांना पाणी सुटलं की नाही ते कळत नव्हतं. पहिल्या दहा मिनिटांत मी चारदा फोन बघितला, एकदा बाहेर जाऊन आले.

"आई, मोटर कुणीतरी चालू करेल," मुलगी म्हणाली. "बस."

सिनेमात गुरांची एक डॉक्टरीण होती. लंडनचा एक जण मेलेल्या मावशीचं घर विकायला तिच्या खेड्यात येतो आणि तिच्यात गुंततो. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं ती वाचून विनोद बोलायच्या आधीच हसायची. मी अर्धं वाचेपर्यंत अक्षरं जायची.

मुलाच्या आईला इंग्रजी येत नव्हतं, आणि ऐकायलाही जरा कमी येत होतं. मुलगा त्यांच्या कानाला लागून सगळं सांगत होता, पण त्याची कुजबुज चार रांगांना ऐकू जात होती.

पडद्यावर पहिलं चुंबन आलं तशा बाई म्हणाल्या, "व्हय रं, ह्यांचं लगीन झालंय का?"

"झालंय, झालंय."

मागं खसखस पिकली. अर्ध्या तासानं त्या लंडनवाल्यानं गुडघा टेकून अंगठी पुढं केली.

"मग आता ह्यो परत काय मागतोय?"

"ते रजिस्टर केलं होतं, आई. आता वाजवून करायचंय."

"आसं व्हय. बराबर हाय, पै-पाव्हण्यात दिसाय पाहिजे."

सगळी रांग हसली. मीही हसले. मनात म्हटलं, पोरगा हुशार आहे, आईला सांभाळून घेतो, माझ्या मुलीलाही घेईल. तेव्हा कुठं मी फोन पर्समध्ये टाकला.

मध्यंतरानंतर सिनेमात त्या लंडनवाल्याच्या घरी जेवण होतं. सगळं घर टेबलाभोवती बसलेलं असताना डॉक्टरिणीनं स्पष्ट सांगितलं, माझा दवाखाना सोडून मी लंडनला येणार नाही. एवढं इंग्रजी मलाही कळलं.

"काय म्हणली?" बाईंनी विचारलं.

"येते म्हणाली. दवाखान्याचं आवरून येते."

मुलीचा हात पॉपकॉर्नच्या डब्यात होता, तो तिथंच राहिला.

त्यानंतर पडद्यावर कुठलीही गाडी आली की बाई विचारायच्या, "हीच का? आली का ती?" मुलगा म्हणायचा, "वाटेत हाय." पोरं हसून बेजार. मला मात्र हसू येईना. मी पुन्हा फोन काढला, नुसताच उलटासुलटा केला. मोटरीचं आता काही वाटत नव्हतं. आमच्याबद्दल यानं घरी काय काय सांगून ठेवलं असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

शेवटी लंडनवालाच घर न विकता खेड्यात राहायला गेला.

"ह्यो कशाला तिकडं गेला? ती यायची हुती न्हवं?"

"सुट्टीला गेलाय, आई."

मागून एक पोरगा ओरडला, "मावशी, सुट्टीला न्हाय, घरजावई झालाय त्यो!"

अख्खं थिएटर हसलं. बाई तेवढ्या हसल्या नाहीत, मुलाकडं बघत राहिल्या.

"चेष्टा करत्यात गं," तो म्हणाला.

दिवे लागले. बाहेर जिन्याशी आलो तशी मुलगी त्याला ओलांडून पुढं गेली आणि बाईंसमोर उभी राहिली.

"काकू, लग्नानंतर मी माझं मेडिकल चालू ठेवणार आहे. तुम्हाला माहीत आहे ना?"

"चालू? बंद करून यायचीस न्हवं तू? हौस म्हणून बसती, लगीन झालं की सोडती, आसं म्हणला की ह्यो."

"मला यानं सांगितलं, तुमची हरकत नाही."

बाई मुलाकडं वळल्या. "माझी हरकत न्हाय? मला इचारलंस कवा?"

"सांगणारच होतो, आई. हळूहळू."

जेवायला बसलो. पुरुषमंडळी पाटाच्या पाण्यावर बोलत राहिली म्हणून वेळ निघाला. परतताना गाडीत मी मुलीला म्हटलं, "पोरगा वाईट नाही गं. भांडण टाळतो."

"मला भांडणारा चालेल," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मुलीचा नकार कळवायचं काम माझ्याकडं आलं. दोन दिवस मी नंबर काढायची आणि फोन ठेवून द्यायची. रोपांचे ट्रे उगाच इकडचे तिकडं केले, कामावरच्या बायकांवर दोनदा खेकसले. तिसऱ्या दिवशी बाईंचाच फोन आला.

"ताई, पोरीचं मेडिकल किती वाजता उघडतं?"

"साडेनऊला."

"मंगळवारी येते. दिसभर काय करती ते बघते, आन काय इचारायचं ते तिलाच इचारते."

"मुलगा येणार का बरोबर?"

"त्याला कशाला? मराठी कळतंय मला."

मी मुलीला निरोप दिला. ती गोळ्यांची खोकी फळीवर लावत होती. "या म्हणावं," ती म्हणाली, "पण गिऱ्हाईक असलं तर थांबावं लागेल."