शेवग्याच्या बुडाशी टाकलेलं सॅलड

अन्याय माझ्या आईवर झाला. मागच्या वर्षी पंचवीस डिसेंबरला, दुपारी, लातूरच्या आमच्या गल्लीत. करणारी बाई समोरच्याच दारात राहते.

हे सॅलड आईनं माहेरून, नांदेडहून आणलं. गाजर, बटाटा, फरसबी, वाटाणे वाफवायचे, पंच्यावर पसरून कोरडे करायचे, मेयोनीजमध्ये घोळायचे, खाऱ्या बिस्किटावर ठेवून वर डाळिंबाचे दाणे. आमच्या आजोळी नाताळाचं जेवण याशिवाय सुरू होत नाही. तिकडच्या मेयोनीजमध्ये अंडं असतं. लग्न होऊन लातूरला आल्यावर आईनं ते बंद केलं, का, तर समोरच्या काकू लिंगायत, त्यांच्या घरात अंडं शिवत नाहीत. तेव्हापासून दूध आणि करडईचं तेल. त्यांच्यासाठी वेगळं आणि आमच्यासाठी वेगळं असलं काही नाही, आम्हीही तेच खातो.

त्या दुपारी आईनं पाठवलेली वाटी काकूंनी हसून घेतली. संध्याकाळी साखर घालून परत पाठवली, कारण आमच्याकडे सणाची वाटी रिकामी जात नाही. आई खूश होती. सकाळी आम्ही दोघी भाजीला निघालो तर काकूंच्या शेवग्याच्या बुडाशी सगळं सॅलड पडलेलं, लाल दाण्यांसकट. मुंग्या लागल्या होत्या. त्यांच्या सुनेनं मोबाइलवर मेयोनीज कशाचं करतात ते शोधलं होतं, हे नंतर कळलं. मोबाइलला विचारलं. आईला नाही विचारलं.

दिवाळीला त्यांच्या घरून ताट येतं. तूप कुठलं, हात कुणाचा, आम्ही कधी विचारलंय?

आई एवढंच म्हणाली, की पुढच्या साली वाटी पाठवायची नाही. मी नांदेडजवळ विष्णुपुरीला, विद्यापीठात शिकते, तिथं पत्रकं लिहून वाटते. पूर्ण गल्लीसाठी एक पत्रक माझ्या डोक्यात तयार होतं. आईनं ओळखलं. कागद वाटलास तर माझ्याशी बोलू नको, म्हणाली.

ठीक आहे. कागद नाही. पण वाटी जाणार, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलेली जाणार. यंदा नाताळाच्या सकाळी मी खिडकीतून वायर काढून मिक्सर बाहेर ओट्यावर मांडला, काकूंच्या दारासमोर. आई आतून, तमाशा करू नको, म्हणत राहिली. मी दूध, मोहरीची पूड, मीठ भांड्यात टाकलं आणि वरून तेलाची धार सोडली.

फुटलं. दूध तापवून नुकतंच उतरवलेलं, घाईत कोमटच घेतलं होतं मी. तेल वर, दूध खाली.

काकू दारात मेथी निवडत बसल्या होत्या. सगळं बघत होत्या.

"काय करायलीस गं?"

"मेयोनीज. अंड्याबिगर. दूध गार पाहिजे होतं."

त्यांनी मेथी बाजूला ठेवली. "अंड्याबिगर होतंय व्हय?"

"आई दरसाली असंच करते. तुमच्यासाठी."

"मागच्या साली बी?"

"हाव."

काकू शेवग्याकडे बघत नव्हत्या, आणि मीही मुद्दाम बघितलं नाही. "मग सांगायचं की," त्या पुटपुटल्या.

"विचारायचं की, काकू."

त्या उठून आत गेल्या. दार लागेल असं वाटलं. आल्या त्या गार दुधाचं पातेलं घेऊन. माझं भांडं धुतलं, त्यांचं दूध घातलं, तेलाची धार त्यांनीच धरली. मिक्सरचा आवाज जड होत गेला आणि मेयोनीज घट्ट, पांढरंशुभ्र आलं. आई तोवर उंबऱ्यात येऊन उभी होती, हातात भाज्यांची परात. तिनं परात ओट्यावर ठेवली. मेयोनीजमध्ये भाज्या घोळल्या, वर दाणे टाकले आणि पहिलं बिस्किट काकूंपुढे धरलं.

काकूंनी उभ्याउभ्या खाल्लं. "मीठ कमी हाय," म्हणाल्या. मग आईला म्हणाल्या, "वाटी भर. सुनेला बी नेते."

आईनं वाटी भरली. काठोकाठ. मी मिक्सरची वायर गुंडाळत बसले, कारण मला बोलायचं बरंच होतं आणि आई माझ्याकडेच बघत होती.

आता तुमच्याकडे येते. पुढच्या नाताळाला तुमच्या दारात झाकलेली वाटी आली आणि मनात शंका आली, तर ती आणणाऱ्या माणसाला तिथंच, तोंडावर विचारा. खायचं नसेल तर नको म्हणा, कुणाला राग येणार नाही. पण हसून घेऊन झाडाच्या बुडाशी ओतू नका.